बुजवलेला कोनाडा

१

एकोणतीस एप्रिल १९५९, बुधवार. सकाळी सहा वाजता रघुनाथराव हर्डीकर गच्चीवरून खाली अंगणात उतरले, चूळ भरली आणि सवयीनं पूर्वेच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीतला कोनाडा नाहीसा झाला होता.

जिथं काल सकाळपर्यंत दीड हात रुंद आणि हातभर उंच कोनाडा होता, तिथं आता सपाट, पांढरी भिंत होती.

कुणाच्याही घरातला एखादा कोनाडा बुजला म्हणून बातमी होत नाही. पण ही भिंत कोर्टात होती. ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत हर्डीकरांचं घर पाच पिढ्यांचं. शेजारचं घर तीन वर्षांपूर्वी सुभेदार शिवाजीराव निकम यांनी विकत घेतलं. मूळचे साताऱ्याकडचे; बबीन्याच्या छावणीतून निवृत्त झाले आणि झाशीतच राहिले. दोन्ही अंगणांच्या मध्ये गळ्याइतकी उंच एकच भिंत. सुभेदारांना तिच्यावर छताच्या तुळया टेकवून एक खोली बांधायची होती. भिंत सामायिक आहे, असं त्यांचं म्हणणं. भिंत फक्त आपली आहे, असं रघुनाथरावांचं.

झाशीत अशा भांडणाला एक जुना नियम लावतात. दुसऱ्याची भिंत कुणी कोरत नाही. तेव्हा कोनाडा ज्याच्या अंगणाकडे उघडतो, भिंत त्याची. हर्डीकरांच्या बाजूला एक कोनाडा होता. निकमांच्या बाजूला एकही नव्हता. आणि त्याच बुधवारी दहा वाजता कोर्टानं नेमलेले कमिशनर, वकील मधुसूदन लघाटे, भिंत पाहायला येणार होते. अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

लघाटे वेळेवर आले. पन्नाशीचे, सडपातळ, फारसं न बोलणारे. दोन्ही पक्ष मराठी, म्हणून मुन्सिफांनी मुद्दाम मराठी जाणणारा माणूस निवडला होता. रघुनाथरावांनी त्यांना भिंत दाखवली आणि एका दमात सांगितलं, की हे निकमांचं काम आहे, त्यांच्या मिस्त्रीनं भिंतीवरून उडी मारून केलेलं आहे, आणि हे याच शब्दांत लिहून घ्यावं.

लघाटेंनी विचारलं, घरातलं कुणी असेल तर?

“घरातलं?” रघुनाथराव स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. दारात त्यांची पत्नी अनुसूयाबाई आणि विधवा बहीण शारदा उभ्या होत्या. “घरातलं कुणी निघालं, तर सूर्यास्ताच्या आत त्याची ट्रंक दाराबाहेर. मग ते कुणीही असो. हा माझा शब्द.”

शारदा एकदम वळून आत गेली.

२

लघाटेंनी आधी स्टूल मागवलं आणि भिंतीचा माथा पाहिला.

सोमवारी झाशीत धुळीची आंधी झाली होती. भिंतीच्या माथ्यावर त्या धुळीचा थर अजून तसाच होता, पिठासारखा. उडी मारून आलेला माणूस तिथं हात टेकवणार, पाय टाकणार. थर कुठंच मोडलेला नव्हता. फक्त एका जागी चार ठिपके पुसले गेले होते. दोन हर्डीकरांच्या कडेला, दोन समोर निकमांच्या कडेला. लघाटेंनी आपले कोपर त्यांतल्या दोन ठिपक्यांवर टेकवून पाहिले. बरोबर बसले. आंधीनंतर कधीतरी इथं दोन माणसं समोरासमोर कोपर टेकून बोलत उभी होती.

ते खाली उतरले आणि बुजवलेल्या जागेवर तिरक्या उजेडात नजर धरली. मिस्त्रीचं काम थापीचं असतं. तिच्या सरळ रेघा राहतात. इथं रेघ नव्हती. डावीकडून उजवीकडे फिरलेल्या तळहाताच्या कमानी होत्या, एकीवर एक, जमीन सारवावी तशा. वरून छुई, म्हणजे बुंदेलखंडात घराघरांत भिंती पोतारायला वापरतात ती पांढरी माती. कडेला नख टेकवलं तर किंचित ओल लागली.

“आप लिखिए तो सही, कि मिस्त्री था,” रघुनाथराव म्हणाले. कोर्टाचा विषय निघाला की ते हिंदीत शिरत.

“मिस्त्री नव्हता,” लघाटे म्हणाले. “आणि भिंतीवरूनही कुणी आलेलं नाही.”

त्यांनी वेळ जुळवली. रघुनाथराव मंगळवारी साडेअकराला आपल्या वकिलाकडे गेले, ते दिवेलागणीला परतले. उन्हाळ्याचे दिवस, गच्चीवरच जेवले, गच्चीवरच झोपले. अंगणाकडे बघितलं नाही. एप्रिलच्या उन्हात ही माती चार-पाच तासांत वरून सुकते. म्हणजे काम मंगळवारी दुपारचं. घराचं पुढचं दार दुपारी आतून लावलेलं असतं, असं रघुनाथरावांनी स्वतःच सांगितलं.

“मग कोण?” त्यांनी विचारलं.

लघाटेंनी हातातली माती झटकली. “ज्या हाताला सारवायची सवय आहे, असा हात. बाईमाणसाचा. आधी शेजारी जाऊन येतो.”

३

सुभेदार निकमांनी लष्करी पद्धतीनं उभं राहून स्वागत केलं आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं.

“वकीलसाब, मी आडून वार करणारा माणूस नाही. मला भिंत पाहिजे ती दिवसाढवळ्या, कोर्टातनं.”

मग ते बराच वेळ बोलले, पण भिंतीबद्दल थोडं. हर्डीकरांच्या दारावरची पाटी, पाच पिढ्यांचं घर, गणपतीत पहिला मान त्यांना, आणि आपण अजून ‘वो फौजी’. हे त्यांना टोचत होतं. लघाटेंना गंमत वाटली. तासाभरापूर्वी रघुनाथरावांनी उलटी तक्रार केली होती: पूर्वी गल्लीत अर्ज लिहून घ्यायला लोक हर्डीकरांकडे येत, आता सगळी गल्ली सुभेदारसाब, सुभेदारसाब करत तिकडे जाते. दावा भिंतीचा होता. भांडण या नमस्कारांचं होतं.

मंगळवारी दुपारी सुभेदार छावणीतल्या जुन्या सोबत्यांकडे बबीन्याला होते. चार जण साक्षीला होते. त्यांच्या पत्नी हौसाबाई बरुआसागरला भाजी आणायला गेल्या होत्या.

“एकल्याच गेल्तासा?” लघाटेंनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

हौसाबाई हसल्या, पण उत्तराला क्षणभर उशीर झाला. “एकलीच. माझ्यासंग कोण येतंय?”

कोनाडा बुजवल्याचं ऐकून त्यांना धक्का बसला होता, तो खोटा वाटत नव्हता. “आवं सायेब, त्यांची गौर बसती त्यात. चैताच्या गौरीची जागा कुणी बुजवतं का? आमी भांडतोय, पन इतकं न्हाई.”

ही गोष्ट लघाटेंना रघुनाथरावांनी सांगितली नव्हती. मराठी घरांत चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसवतात. महिनाभर ती माहेरी आलेली लेक म्हणून राहते आणि अक्षय तृतीयेला तिला निरोप देतात. आजूबाजूच्या हिंदी पंचांगात वैशाख लागला होता, पण या दोन घरांत अजून चैत्रच होता. अक्षय तृतीयेला दहा-बारा दिवस बाकी होते.

निघताना त्यांची नजर फडताळावर गेली. जाळीखाली अर्धं खरबूज होतं. सुरी मध्येच अडकली असावी. काप सरळ न जाता एका बाजूला दातेरी झाला होता.

उरलेलं अर्धं त्यांना दहा मिनिटांनी दिसलं. ते हर्डीकरांच्या स्वयंपाकघरात, शारदाबाईंच्या फळीवर होतं.

४

शारदा बेचाळीस वर्षांची. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून भावाच्या घरी. सासरी, बीना या गावी, एक दीर उरला होता. त्यानं वीस वर्षांत एक पत्र लिहिलं नव्हतं. म्हणजे रघुनाथरावांनी सकाळी दिलेल्या शब्दाचा अर्थ तिच्यासाठी अगदी साधा होता. या घराबाहेर तिला दुसरं घर नव्हतं.

मंगळवारी दुपारी कुठं होतात, असं लघाटेंनी विचारल्यावर ती म्हणाली, लक्ष्मी गेटला, महालक्ष्मीच्या देवळात. बारा ते पाच.

“पाच तास?”

“मन लागलं.”

“दुपारी मंदिर बंद असतं,” दारातून आवाज आला. रघुनाथराव किती वेळ तिथं उभे होते, कुणास ठाऊक. “पट बारा वाजता लागतात, चारला उघडतात. शारदे, कुठं होतीस?”

ती फळीवरचं खरबूज झाकू लागली.

“निकमांशी बोलायचं नाही असं मी सांगितलं होतं. तू भिंतीवरून बोलतेस, हे गल्ली मला सांगते. ती बाई मागेल ते तू देशील. कोनाडासुद्धा दिलास.”

लघाटेंनी मध्ये पडून सांगितलं, की खोटं बोलणं आणि कोनाडा बुजवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रघुनाथरावांनी ऐकलं नाही. त्यांचा आवाज चढलाही नाही. निकाल वाचून दाखवावा तसे ते बोलले.

“ट्रंक भर. संध्याकाळच्या गाडीनं बीना.”

शारदा उठली. तिनं भावाकडे पाहिलं नाही. चुलीजवळ उभ्या असलेल्या भावजयीकडे पाहिलं, आणि आतल्या खोलीत जाऊन खरोखरच ट्रंक भरायला लागली. अनुसूयाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या हातातला डाव मात्र कढईत तसाच राहिला आणि फोडणी करपून घरभर वास झाला.

५

लघाटेंनी रघुनाथरावांकडून एक तास मागून घेतला.

खरबुजाचे ते दोन अर्धे त्यांच्या डोक्यात होते. आधी त्यांनी आतल्या खोलीत जाऊन शारदेला एकच विचारलं: काल बरुआसागरच्या वाटेवर काय झालं? ती चपापली. मग म्हणाली, येताना बेतवेच्या पुलाजवळ बसचं चाक बसलं. सगळे उतरले. हौसाबाईंच्या वहाणेचा अंगठा तुटला, तो तिनं चिंधीनं बांधून दिला. मग ते शेजारी गेले आणि हौसाबाईंना तोच प्रश्न विचारला. तीच बस, तोच पूल. हौसाबाईंनी कोपऱ्यातली वहाण उचलून चिंधीच पुढं केली. दोघींना एकमेकींशी बोलायला सकाळपासून संधी मिळालेली नव्हती.

“आक्कांचं नाव घेतलं तर हर्डीकर त्यांना घरात ठिवायचे न्हाईत, म्हनून एकली म्हनलं,” हौसाबाई म्हणाल्या. “काय झालंय तिकडं? मला येऊ द्या.”

“थोडं थांबा,” लघाटे म्हणाले.

ते परत आले आणि देवघरात गेले. अनुसूयाबाई समईची वात सारखी करत होत्या. पंचावन्नच्या असतील, मुलगा नोकरीला नागपुरास, घरात नवरा आणि नणंद सोडून बोलायला कुणी नाही. लघाटे पाटावर बसले. देव्हाऱ्यात इतर देवांच्या ओळीत पितळेची गौर उभी होती. तिचा पाळणा उतरवून बाजूला ठेवला होता.

“हिला इथं कुणी आणलं?”

“ज्यानं कोनाडा बुजवला त्यानं. मला सकाळी इथंच दिसली.”

लघाटेंनी गौर हातात घेतली नाही, नुसती पाहिली. तिच्या पायांशी अक्षता होत्या. कपाळावर ताजं हळदीकुंकू होतं. समोर लहान वाटीत दहीभाताची चार वाळलेली शितं, आणि त्यांना मुंग्या लागलेल्या.

“अनुसूयाबाई, नुसती उचलून ठेवली असती तर मला काहीच कळलं नसतं,” ते सावकाश म्हणाले. “पण हिला उचललेलं नाही, हिला निरोप दिलेला आहे. अक्षता टाकून हलवलंय. वाटेसाठी दहीभात बांधलाय. आणि दहा दिवस आधी. निकमांच्या घरून कुणी आलं असतं, तर ही कोपऱ्यात पडली असती. शारदाबाई काल बारा ते पाच बरुआसागरला होत्या, हे आता ठरलं. शिवाय या घरात गौरीला हात लावण्याची त्यांना मुभा नाही. गौर जी बसवते तिनंच उठवायची, असा आपला रिवाज. ही तुम्ही बसवलीत. दार आतून लावलेलं होतं, आणि घरात तुम्ही एकट्या होतात.”

समईची वात तडतडली, तरी अनुसूयाबाईंनी हात मागे घेतला नाही.

“माहेरवाशीण ती,” त्या म्हणाल्या. “तिला न सांगता तिच्या जागेवर माती कशी लिंपायची?”

“का लिंपलीत? तुमचाच दावा हरायला?”

“हो.”

आणि मग त्यांनी जे सांगितलं, त्याचा अंदाज लघाटेंना नव्हता. नणंद-भावजयीचं पटत नसेल, नणंदेला अडकवायचा बेत असेल, एवढंच त्यांनी धरलं होतं. ते उलटं होतं.

“वन्सं या घरात आल्या तेव्हा पंधरा दिवस जेवल्या नव्हत्या. मी भरवलं. वीस वर्षं आम्ही एकमेकींचे केस विंचरले. पापड लाटताना, डाळ निवडताना, ह्यांच्या पाठीमागे ह्यांचीच नक्कल करून आम्ही हसायचो. तीन वर्षांपूर्वी ती बाई आली. आता वन्सं भाजी निवडतात ती भिंतीशी उभं राहून. हसतात तिकडे तोंड करून. मी गेले की दोघी गप्प होतात. मी ह्यांना दोनदा म्हटलं, भिंत वाढवा. हे म्हणाले, निकाल लागेपर्यंत विटेला हात लावायचा नाही, आणि नंतरही नाही, अंगण कोंदेल. सुभेदार जिंकले तर खोली होईल. भिंत छतापर्यंत जाईल. म्हणून.”

“आणि कालच का?”

“काल बारा वाजता वन्सं म्हणाल्या, देवळात जाते. मी गच्चीवरून पाहिलं. गल्लीच्या टोकाला ती उभी होती. दोघी हात धरून बसकडे गेल्या. मला नुसतं विचारलं असतं, येतेस का म्हणून, तरी चाललं असतं.”

देवघराच्या दारात रघुनाथराव उभे होते. त्यांच्या मागे, हातात ट्रंकेची किल्ली घेऊन, शारदा.

६

आता रघुनाथरावांचा शब्द त्यांच्याच पुढ्यात होता. घरातलं कुणीही असो, सूर्यास्ताच्या आत ट्रंक दाराबाहेर. लघाटेंनी त्याची आठवण करून दिली नाही. गरज नव्हती.

रघुनाथरावांनी घसा साफ केला. बायकांच्या डोक्यात कधीकधी काहीबाही येतं, असं ते म्हणाले. झालं गेलं. वकीलसाहेबांनी हे कागदावर घेऊ नये. भिंत दोघांसमोर उघडावी, माप घ्यावं, विषय संपला. मग ते बहिणीकडे वळले. “ट्रंक आत ठेव. गैरसमज झाला.”

शारदा तिथंच उभी राहिली.

“दादा, सकाळचा शब्द फक्त माझ्यासाठी होता का?”

रघुनाथराव लघाटेंच्या कागदांकडे पाहू लागले.

“वन्सं,” अनुसूयाबाईंनी तिचा हात धरला. “तुम्ही जाऊ नका. मी तुमच्यासाठीच केलं हो.”

“माहीत आहे, वहिनी. काल पाचला आले तेव्हा भिंत ओली होती. तुमच्या नखांत छुई होती. तेव्हाच कळलं.” तिनं हात सोडवून घेतला नाही. “म्हणून तर गप्प बसले. तुमच्यासाठी बीन्यालासुद्धा गेले असते. पण दादानं मला एका वाक्यात काढलं, आणि तुम्ही चुलीपाशी उभ्या राहून ऐकलंत. फोडणी जळेपर्यंत.”

अनुसूयाबाईंनी आपणच हात सोडला.

शारदेनं ट्रंक ओढत दारापर्यंत नेली आणि तांग्यासाठी गल्लीत पाहिलं. बीन्याचा दीर तिला दारात उभी करील की नाही, याची तिला खात्री नव्हती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. समोर हौसाबाई उभ्या होत्या. लघाटेंनी थांबा म्हटलं होतं, म्हणून त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या होत्या, सगळं ऐकत.

“आक्का, तांगा कशाला?” त्यांनी ट्रंकेची दुसरी कडी धरली. “धा पावलं तर हायेत.”

सुभेदार आपल्या दारात आले. बायकोकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, आणि बाजूला सरकून वाट करून दिली.

लघाटेंनी त्याच दुपारी दोन्ही पक्षांसमोर माती आणि आत रचलेल्या विटा काढून कोनाड्याचं माप घेतलं: रुंदी दीड हात, उंची एक हात, खोली नऊ इंच. अहवालात त्यांनी लिहिलं, की कोनाडा जुना आहे, चोवीस तासांत बुजवलेला आहे, आणि बुजवणारी व्यक्ती वादीच्या घरातली आहे. नाव लिहिलं नाही. कोर्टानं विचारलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर निकाल लागला. भिंत पूर्णपणे हर्डीकरांची ठरली. सुभेदारांनी अपील केलं नाही. त्यांनी आपल्या हद्दीत, वीतभर जागा सोडून, स्वतःची भिंत उभी केली आणि तिच्यावर खोली बांधली. ब्राह्मणाची विधवा मराठ्याच्या घरात राहते, यावर झाशीतल्या मराठी घरांत वर्षभर बोललं गेलं. मग लोक कंटाळले.

पलीकडची नवी भिंत छतापर्यंत गेली, तेव्हा अनुसूयाबाईंना हवं होतं ते सगळं झालं होतं. कुणी कुणाला दिसत नव्हतं. दुपारची कामं उरकली की त्या आपलं ताट घेऊन पूर्वेच्या भिंतीशी बसू लागल्या. इथं गार वाटतं, असं सांगत. ऊन नेमकं तिथंच पडे. दोन भिंतींमधल्या वीतभर फटीतून पलीकडचं हसणं चांगलं ऐकू येई. कशावर हसतात, तेवढं मात्र कळत नसे.